बॅकहँड फटका

टेनिसमधील एक मूलभूत फटका. रॅकेट धरलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूस आलेला चेंडू परतविण्यासाठी तो मारतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत ही बाजू डावी असते. एकेरीच्या क्रीडांगणाची रुंदी ८·२३ मी. असल्याने ही बाजू टाळून फार काळ खेळता येत नाही. प्रतिस्पर्धी ती दुर्बलता हेरून तेथेच चेंडू टाकीत राहतो. म्हणून नवशिक्यास हा फटका प्रारंभापासूनच शिकविणे इष्ट असते.

प्रकार : हा फटका एका वा दोन्ही हातांनी मारतात. १९३० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्रा व जॉन ब्रॉमिच यांनी दोन हातांची पद्धत यशस्वीपणे वापरली. पुढे १९७० नंतर बियाँ बोर्ग, जिमी कॉनर्स व ख्रिस एव्हर्ट यांच्यामुळे ती सर्वत्र रूढ झाली. हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत (२०२३) मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय जोडीपैकी रोहन बोपण्णा एका हाताने, तर महाराष्ट्राची ऋतुजा भोसले दोन्ही हातांनी बॅकहँड मारते.

शिक्षणक्रम : प्रथम पकड शिकवितात. एका हाताच्या फटक्यात फोरहँडची पकड बदलून तळहात मुठीच्या वरच्या अंगास आणतात. दोन हातांच्या फटक्यात प्रमुख हात मुठीच्या टोकाशी व दुसरा त्याच्या वर असतो. चेंडूची दिशा कळताच खांदे वळवून रॅकेट मागे नेतात, पुढचा पाय टाकून शरीराचा भार त्यावर घेतात आणि चेंडू पुढील पायाच्या किंचित समोर असतानाच त्यास फटका देतात. एका हाताच्या फटक्यात हा बिंदू आणखी पुढे असतो. रॅकेट खालून वर गेल्याने चेंडू जाळ्यावरून सुरक्षित अंतराने जातो व त्यास पुढील दिशेची फिरकी मिळते.

दोष व इजा : चेंडूस उशिरा गाठणे, हा नवशिक्यांचा प्रमुख दोष होय. मग कोपर पुढे काढून व मनगट वाकवून ते फटका पुरा करतात. असे वारंवार घडल्यास अग्रबाहूतील प्रसारक स्नायूंच्या कंडरांवर ताण पडून कोपराच्या बाहेरील बाजूस वेदना होतात. या विकारास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. अशा वेळी जोर वाढविण्याऐवजी खांदे लवकर वळविण्याचा सराव देणे हाच खरा उपाय होय.

साधने : लहान मुलांसाठी मंद चेंडू व छोटे क्रीडांगण उपयुक्त ठरते. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सु. ७५ टक्के मंद असतो व त्यासाठी १०·९७ मी. लांबीचे क्रीडांगण पुरते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत मंद चेंडू आवश्यक केले. नेहमीचा चेंडू मुलांच्या खांद्यापर्यंत उसळतो. तेथे एका हाताचे बळ अपुरे पडते. म्हणून बहुतेक प्रशिक्षक त्यांना प्रथम दोन हातांचा फटका शिकवितात. बळ व समतोल आल्यावर एका हाताचा पर्याय खुला राहतो.