विकणारा जातो, शेजारी राहतो

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी वडिलार्जित घर विकायची वेळ फारशी येत नसे. नाहीतर या म्हणीला तिसरा तुकडाही जोडला गेला असता. सोलापूरच्या जुन्या पेठांतून आज ही वेळ अनेक घरांवर आली आहे. मुले शिकून पुण्याला, हैदराबादला गेली; काही परदेशी. आईवडिलांच्या मागे घराला कुलूप लागते आणि एखाद्या दिवाळीत भावंडे एकत्र बसून ठरवतात, विकून टाकू. गिऱ्हाईक मिळते, बयाण्याची बोलणी होतात आणि नेमका तेव्हाच शेजारी उभा राहतो. ‘ही भिंत आमची.’ ‘बोळातून आमची वाट आहे.’ ‘घ्यायचा पहिला हक्क आमचा.’ गिऱ्हाईक बिचकते, भाव पाडून मागते आणि घरात शब्द निघतो, शेजारी नडला!

तो का नडला हे समजायचे, तर आधी आपली घरे आठवावीत. जुनी घरे माळवदाची. दोन घरांत मिळून एकच जाड, दगडमातीची भिंत आणि तिच्यात दोन्हीकडच्या तुळया रुतलेल्या. माळवदाला माळवद लागलेले. उन्हाळ्याच्या रात्री साऱ्या आळीची अंथरुणे वर पडत आणि पोरे एका घरावर चढून तिसऱ्या घरात उतरत. एकाच्या पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या बोळात पडे. यातले कुणी काही लिहून ठेवले नाही. तशी गरजच वाटली नाही, कारण शेजारी पुष्कळदा भाऊबंदच असे; एकाच वाड्याच्या वाटणीतून दोन दारे झालेली.

बँकेत तारणाची कागदपत्रे पाहताना एक गोष्ट नेहमी जाणवे. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस तमक्याचे. म्हणजे आपल्या घराची ओळख पटते ती शेजाऱ्याच्या नावाने! पण जुन्या खतातला तो ‘अमका’ केव्हाच देवाघरी गेलेला असतो, आणि भिंत कोणाची, वाट कोणाची, याविषयी खत बहुधा गप्प असते.

म्हणून शेजाऱ्याच्या सगळ्या मागण्या एकाच मापाने मोजू नयेत.

‘पहिला हक्क आमचा’ ही मागणी बहुधा पोकळ असते. केवळ शेजारी म्हणून घर आधी मागण्याच्या हक्काला शुफा म्हणत. भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेजारीपणावर आधारलेला असा हक्क घटनेशी विसंगत ठरवला. सहवारसाची गोष्ट वेगळी. एका वारसाने वारशात मिळालेला आपला हिस्सा विकायला काढला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे इतर सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क पोहोचतो.

वाट, पाणी आणि उजेड यांचे मात्र तसे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वाट वापरली असेल, तर ती वहिवाट हक्कच होऊन बसते आणि घर विकले तरी घराबरोबर नव्या मालकाकडे जाते. ‘जा हो खुशाल’ असे आजोबांनी परवानगी म्हणून सांगितले असेल, तर तसा हक्क होत नाही. पण आजोबा नेमके काय म्हणाले, हे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

राहिली भिंत. तिथे आवाज चढवून उपयोग नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशा काढावा, त्यावर वारसांची नावे लावून घ्यावीत आणि मोजणी मागवावी. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांना जाते. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत फिता पडला की निम्मा वाद तिथेच मिटतो.

हे सारे बयाण्याच्या आधी व्हायला हवे. शेजारच्या वादाविषयी गिऱ्हाइकासमोर मौन पाळावे, असा सल्ला देणारे दलाल भेटतात. तो ऐकू नये. साध्या चौकशीत कळणार नाही असा मिळकतीतला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते.

आणि कायद्याच्या पलीकडचेही थोडे पाहावे. विकणारा पैसे घेऊन पुण्याला जातो. शेजारी तिथेच राहतो. नवा मालक घर पाडून इमारत उभी करणार, हे त्याला दिसत असते. समाईक भिंत पावसाळ्याच्या तोंडावर उतरवली, तर त्याच्या तुळया कशावर टेकणार? ‘पहिला हक्क’ म्हणून तो जे ओरडतो, त्यात पुष्कळदा ही धास्ती असते. ती बोलून दाखवणे त्याला कमीपणाचे वाटते.

तेव्हा वकिलाची नोटीस धाडण्याआधी भावंडांतल्या थोरल्याने त्याच्या घरी जाऊन बसावे. भिंत आणि वाट नकाशावर दाखवून करार लिहावा, त्याची नोंदणी करावी आणि गिऱ्हाइकाच्या संमतीने खरेदीखतातही त्याचा उल्लेख घालावा. भिंतीला हात लावण्याआधी शेजारच्या घराला आधार दिला जाईल, हे एक वाक्य लिहायला काही खर्च येत नाही.

इतके करूनही कुणी नुसते पैसे उकळायला बसला असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. दावा लावण्याआधीचे वादही लोकअदालतीत नेता येतात. दोघांच्या संमतीने तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. कोर्टात दावा चालू असताना विकलेले घर मात्र निकालाचे ओझे घेऊनच नव्या मालकाकडे जाते, आणि जाणते गिऱ्हाईक असे घर घेत नाही.

खत नोंदवायच्या दिवशी चतुःसीमा एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. मेलेल्यांची नावे काढून आज तिथे राहणाऱ्यांची घालावीत. यापुढे त्या घराची ओळख त्याच नावांनी पटणार आहे.