बाहेरून गप्प, आतून जागा

डोळे उघडले की माणूस शुद्धीवर आला, असं आपण धरून चालतो. मेंदूला जबर मार बसल्यावर मात्र निराळंच घडतं. बेशुद्धी सहसा काही आठवड्यांत सरते, डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्रही सुरू होतं. पण हाक मारली तर ओ मिळत नाही. मग नातेवाईक विचारतात, ‘आम्हाला ओळखतो का हो?’

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केंब्रिजच्या संशोधकांनी अशाच एका तरुणीला स्कॅनरमध्ये झोपवलं. अपघाताला पाच महिने झाले होते, प्रतिसाद शून्य. तिला सांगितलं, ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.’ धडधाकट माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी उजळतो, नेमका तोच तिचाही उजळला! तिला ऐकू येत होतं, कळत होतं आणि सांगितलेलं ती करतही होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितल्यावर कोणतीही हालचाल न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने असं उत्तर दिलं. चारांत एक. हा आकडा वाचल्यापासून अशा खाटेशेजारी कुणी ‘आता काही उरलं नाही’ म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो.

एवढं यंत्र प्रत्येक ठिकाणी कुठून येणार? पण साधा हातातला आरसाही बरंच सांगतो. डॉक्टरांच्या बोटामागे न फिरणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरते. भानावर येण्याच्या पहिल्या खुणांपैकी ही एक.

बऱ्हाणपूरच्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर गाठ मारून माग पुन्हा सुरू करतो. मेंदूतल्या तुटलेल्या तंतूंना अशी गाठ बसत नाही. शाबूत राहिलेले तंतू नवे फाटे काढतात, नव्या वाटा धरतात, तेही फार सावकाश. अमेरिकेत १९८४ च्या अपघातात जायबंदी झालेला एक तरुण २००३ मध्ये, १९ वर्षांनी, पहिल्यांदा बोलला. शब्द होता ‘आई’. पुढे स्कॅनमध्ये त्याच्या मेंदूत नवे तंतू वाढल्याच्या खुणा दिसल्या. असं क्वचितच घडतं. तरीही घडलं.

पण मेंदू वाट शोधेपर्यंत शरीर टिकायला हवं. सांधे आखडले, पाय वाकडे झाले, पाठीला बेडसोर पडले, तर जाग येऊनही माणूस उठणार कसा? म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, सांधे हलवणं, टेकवून बसवणं आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने काही न भरवणं हेच खरं औषध. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर भान हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५ असं जपलं.

बऱ्हाणपूरहून इंदूर सुमारे १८० किलोमीटर. इथल्या रुग्णाचं ऑपरेशन तिथे होतं, पुढचे महिने घरी जातात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघू नका. फिजिओकडून व्यायाम शिकून घ्या, नळीने भरवणं समजून घ्या, पुढची तपासणी कधी ते लिहून घ्या. आणि पहिल्याच महिन्यात आशा सोडू नका: पहिल्या २८ दिवसांत ‘सुधारणा होणारच नाही’ असं सरसकट सांगू नये, असं अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात.