पावसाळ्याआधी आपली सायकल : घरच्या घरी देखभाल आणि दुरुस्ती



सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी उधना, लिंबायत, पांडेसरा किंवा डिंडोलीच्या रस्त्यावर उभे राहा. मोटारसायकली आणि रिक्षांच्या गर्दीतून आजही कितीतरी सायकली कारखान्यांकडे जाताना दिसतील. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेत आले. पगार हातात पडल्यावर घरात जी पहिली मोठी वस्तू आली, ती बहुतेक घरांत सायकलच होती.

आमच्या घरातही तसेच होते. वडील रात्रपाळी करून सायकलवर घरी येत. एका वर्षी जूनच्या पहिल्याच पावसात ते उड्डाणपुलाच्या उतारावरून येत होते. समोर हातगाडी आली. त्यांनी ब्रेक दाबला, पण सायकल थांबली नाही. मनगट मोडले आणि तीन आठवडे काम बंद. काम नाही तर पगारही नाही. नंतर पाहिले तर ब्रेकचे रबर झिजून पार पत्र्याला लागले होते. चहाच्या पैशांत येणारी वस्तू! ती आम्ही पाहिलीच नव्हती.

म्हणून हा लेख. सुरतेत सायकल किती चालली यापेक्षा तिच्यात किती पाणी गेले यावर तिचे आयुष्य ठरते. समुद्र जवळ, हवा दमट, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि गरनाळ्यात पाणी साचले की त्यातूनच वाट काढावी लागते. पूर्वी नाक्यानाक्यावर सायकलवाला असे, आता त्याला शोधावे लागते. तेव्हा थोडे काम आपल्यालाच यायला हवे.

दर आठवड्याला दहा मिनिटे : हवा, ब्रेक, नट

सुटीच्या दिवशी सायकल उजेडात घ्या आणि एवढ्या तीन गोष्टी पाहा.

*हवा.* ट्यूब चांगली असली तरी तिच्यातून हवा हळूहळू कमी होतच असते. टायरच्या बाजूवर किती हवा भरायची त्याचा आकडा छापलेला असतो. त्याच्यावर जाऊ नका आणि फार खालीही राहू नका. मागच्या चाकावर जास्त वजन येते, म्हणून तिथे हवा थोडी जास्त हवी. हवा कमी असताना खड्डा लागला, तर ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडछिद्रे दिसली तर काटा शोधत बसू नका, पंप शोधा.

जुन्या पद्धतीच्या सायकलींत व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी असते. रात्रीत हवा उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचे बोट लावा. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, ती नळी कुजली आहे. दोन मिनिटांत बदलता येते. एक जादा नळी घरात ठेवावीच.

*ब्रेक.* रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर असावे आणि दाबल्यावर पूर्ण रिमवर बसावे. ते टायरला घासले तर टायर फाटतो. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या म्हणजे रबर बदलायची वेळ आली. रॉडच्या ब्रेकमध्ये सगळ्या पिना आणि स्क्रू हलवून पाहा. तारेच्या ब्रेकमध्ये तार कुठे उसवली आहे का ते पाहा. एक धागा तुटला असला तरी तार बदला, कारण ती जोरात ब्रेक दाबताना तुटते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. रिमला तेल कधीही लागू देऊ नका.

आणि हे लक्षात ठेवा : लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. पावसात उतार लागण्याआधीच दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे, वेग कमी ठेवावा आणि दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत.

*नट.* दोन्ही चाकांचे नट, हँडल, सीट आणि पेडल हाताने हलवून पाहा. पेडलच्या बाबतीत एक गंमत आहे. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, पण डाव्या पेडलचे उलटे. डावे पेडल घट्ट करायचे तर पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसल्याने अनेकांनी डावा क्रँक खराब केला आहे.

चेन : तेल कमी, पुसणे जास्त

चेनवर वरून भरपूर तेल ओतणे ही आपली जुनी सवय. बाहेरच्या तेलाला धूळ चिकटते आणि काळा लगदा होतो. तो पॉलिश पेपरसारखा चेन आणि दाते दोन्ही झिजवतो.

आधी फडक्याला थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून, पेडल उलटे फिरवत चेन पुसून काढा. काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको. चेन वाळली की प्रत्येक रोलरवर एकेक थेंब मशीनचे तेल सोडा. पेडल पुन्हा फिरवा, दहा मिनिटे थांबा आणि बाहेरचे सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल आत हवे, बाहेर नको. खोबरेल किंवा खायचे तेल घालू नका, ते काही दिवसांत चिकट होते. पावसाळ्यात हे काम आठवड्याला, एरवी महिन्याला पुरे.

चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण अर्धा इंच हलावी. फार ताणलेली असेल तर पेडल जड जाते, फार सैल असेल तर उतरते. ताण कमी-जास्त करायला मागच्या चाकाचे नट सैल करून चाक पुढे-मागे सरकवावे आणि दोन्ही बाजूंना सारखे अंतर ठेवून नट आवळावेत.

चेन झिजली का, हे पट्टीने कळते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून चोविसाव्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच असते (पहिली पिन शून्य धरा). ते १२ इंच आणि वर एक सोळांश झाले की चेन बदला. एक अष्टमांश झाले तर बहुधा दातेही गेलेले असतात आणि खर्च दुप्पट होतो. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला असावे, नाहीतर क्लिप निघून पडते.

पंक्चर काढणे

साधे पंक्चर काढायला बऱ्याचदा चाक उतरवावे लागत नाही.

१. हवा पूर्ण सोडा. दोन टायर लिव्हरने टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याने ट्यूबला दुसरे छिद्र पडते.

२. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती बादलीतल्या पाण्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा.

३. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने पॅचपेक्षा थोडी मोठी घासा.

४. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि *थांबा*. हाताला ओले लागेनासे होईपर्यंत, साधारण पाच मिनिटे. घाईने ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवला की तो सुटतो. पॅच ठेवल्यावर मधून कडेकडे जोराने दाबा.

५. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवा. बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा अजून तिथेच असतो. तो काढला नाही तर संध्याकाळी पुन्हा पंक्चर. रिमवरची पट्टी सरकून स्पोकची टोके उघडी पडली नाहीत ना, तेही पाहा.

६. ट्यूबला आकार येईल एवढीच हवा भरून ती आत बसवा. टायर शेवटी अंगठ्यांनी रिममध्ये ढकला. ट्यूब कुठे चिमटली नाही हे पाहून मगच पूर्ण हवा भरा.

सायकल पाण्यात बुडाली तर

ऑगस्ट २००६ चा पूर आपण कोणी विसरलेलो नाही. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला होता. आमची सायकलही पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी तिच्यावर तेलाची बाटली रिकामी करायला निघालो, तेव्हा शेजारचे एक जुने मिस्त्री म्हणाले, "भाऊ, वरून तेल ओतशील तर आत चिखल आणि तेलाची चटणी होईल. आधी उघड."

त्यांचे खरे होते. चाकाच्या हबमध्ये, पेडलच्या एक्सलमध्ये आणि हँडलच्या कपात छर्रे असतात. त्यांच्यातल्या ग्रीसमध्ये पाणी आणि गाळ गेला की काही दिवसांत गंज धरतो. म्हणून खाडीचे पाणी घरात शिरले, किंवा सायकल हबपर्यंत पाण्यातून न्यावी लागली, तर लवकरात लवकर हे करा : साध्या पाण्याने चिखल धुवा, सायकल उलटी करून फ्रेममधले पाणी काढा, सीट काढून नळी वाळवा आणि मग "ओव्हरऑइलिंग" करून घ्या. हब उघडून छर्रे आणि कोन रॉकेलने धुवायचे, नवे ग्रीस भरायचे आणि कोन असा आवळायचा की चाक मोकळे फिरेल पण डुगडुगणार नाही. छर्ऱ्यांवर खड्डे दिसले तर त्या बाजूचे सगळेच बदला आणि दुकानात जुना नमुना घेऊन जा. हे काम पहिल्या वेळी जाणकाराच्या शेजारी बसून शिकावे. स्पोक आवळून चाकाचा आउट काढणे मात्र सवयीच्या माणसाकडेच द्यावे.

गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल कधी धरू नका. ते पाणी थेट छर्ऱ्यांपर्यंत जाते.

थोड्या खर्चाच्या सुधारणा

पहिली सुधारणा फुकट आहे : सीटची उंची. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि लोक सायकलला दोष देतात. मात्र सीटच्या दांड्यावरची मर्यादेची खूण बाहेर दिसता कामा नये. दांडा बसवताना ग्रीस लावले तर तो गंजून अडकत नाही.

दुसरी, उजेड. रात्रपाळीवाल्यांनी मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा लावावाच. मडगार्डवर, पेडलवर चकाकणारी पट्टी चिकटवा. हलणारे पेडल ट्रकवाल्याच्या नजरेत लवकर भरते. तिसरी, पुढच्या मडगार्डला खाली रबराचा तुकडा. चिखल चेनवर आणि पायांवर उडत नाही.

घरात एक डबा करून ठेवा : सायकलचा पाना, दोन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, पॉलिश पेपर, व्हॉल्व्हची नळी, ब्रेक रबराची जोडी, मशीनचे तेल, थोडे ग्रीस, जुने सुती फडके आणि पंप.

आणि हे काम एकट्याने करू नका. मुलगा असो वा मुलगी, शेजारी बसवा आणि पाना तिच्या हातात द्या. आमचे वडील आता सायकल चालवत नाहीत, पण सुटीच्या दिवशी नात सायकल बाहेर काढते तेव्हा खुर्चीतून आवाज येतोच, "ब्रेकचे रबर बघितलेस का गं?"