कागदाची झूल, लाकडाचा नंदी

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूरच्या गल्ल्यागल्ल्यांतून लाकडी नंदी निघतात. पायाखाली चाकांची पाटी, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू आणि पाठीवर झूल. दोरी धरून मुलं घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. या तान्ह्या पोळ्याच्या प्रथेचं श्रेय १७८८ ते १८१६ या काळात नागपूरच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिलं जातं. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावात तर माणसांपेक्षा उंच नंदी मिरवतात.

घरच्या नंदीला दरवर्षी नवी झूल लागते. ती बहुतेक वेळा कागदाचीच असते: घोटीव कागद, सोनेरी पट्टी, नक्षीचा गिफ्ट पेपर, कडेला टिकल्या. म्हणजे लाकडाच्या आकारावर नक्षीचा कागद चढवून शोभेची वस्तू करण्याची कला नागपुरी घरांना नवी नाही. फक्त सण संपला की नंदी माळ्यावर जातो आणि कलाही त्याच्याबरोबर वर्षभर बांधून ठेवली जाते. ती खाली उतरवायला हवी. त्याच हातांनी दारावरची नावपाटी, किल्ल्यांची खुंटी, फोटोची चौकट, दिवाणखान्यातल्या भिंतीवर ओळीने लावायचे मासे, मोर आणि पानं सहज होतात.

सामान फार लांबून आणावं लागत नाही. लकडगंजात लाकडाच्या वखारी आणि आरा मशिनी आहेत; तिथे प्लायचे आणि सागाचे उरलेले तुकडे मिळू शकतात. बाजारात एमडीएफचे तयार कापलेले आकारही मिळतात. ते गुळगुळीत असतात, पण त्यांच्या कडा पाणी पितात आणि फुगतात, म्हणून कडांना आधी प्रायमरचा हात द्यावाच लागतो. सागाचा तुकडा कापायला जड जातो. तरी ज्याला वस्तू दहा वर्षं टिकवायची आहे, त्याने तोच घ्यावा.

लाकूड आणि कागद या दोन्ही बाबतीत विदर्भ खरोखर श्रीमंत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरमध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कागद कारखाना उभा राहिला, आणि त्याच बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं. वर्ध्याची गोष्ट वेगळी. तिथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग चालले. हातकागद जाड आणि खरबरीत असतो, डिंक चांगला पितो, आणि त्याची फाटकी कड लाकडावर सुंदर दिसते. यंत्राच्या चकचकीत कागदाला ती मजा नाही.

आता प्रत्यक्ष काम. लाकूड पॉलिश पेपरने घासून धूळ पुसावी. कागद आकारापेक्षा बोटभर मोठा कापावा. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने पातळ थर लाकडावर द्यावा, कागदाच्या पाठीवरही हलका हात फिरवावा आणि एक-दोन मिनिटं थांबावं. हे थांबणंच महत्त्वाचं. ओला कागद पसरतो. पसरून झाल्यावर चिकटवला तर फुगे कमी येतात. मग मऊ फडक्याने मधून कडेकडे दाबत जावं.

कडेचा जास्तीचा कागद कात्रीने कापायची घाई बहुतेक जण करतात आणि कड दातेरी होते. पूर्ण वाळू द्यावं, मग बारीक पॉलिश पेपर तिरका धरून कडेवरून खाली घासत न्यावा. जास्तीचा कागद आपोआप सुटून येतो आणि लाकूड-कागदाची एकच रेघ उरते.

पातळ प्लायच्या एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना तो आकसतो आणि प्लाय वाकतो. मागच्या बाजूला साधा कागद चिकटवला की दोन्हीकडचा ताण सारखा होतो. इंकजेट प्रिंटरवर छापलेली नक्षी ओलाव्याने पसरते, तेव्हा आधी कोपऱ्याच्या तुकड्यावर पाहून घ्यावं. शेवटी वॉर्निशचे पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. नागपूरचं हवामान इथे आपली अट घालतं. मेच्या कोरड्या उन्हात गोंद हातातच सुकतो, म्हणून एका वेळी लहानच भाग घ्यावा. पोळ्याच्या दमट दिवसांत तोच थर वाळायला फार वेळ घेतो, म्हणून नंदीची तयारी आठवडाभर आधी सुरू करणं बरं.

लाकडावर कागद चढवण्याचं हेच काम अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी केलं होतं. चीन-जपानकडची लाखेची रंगीत कपाटं युरोपात महाग पडत, तेव्हा ते छापील चित्रं कापून लाकडावर चिकटवत आणि वरून वॉर्निशचे थरावर थर चढवत. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी या विधवा बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कापून फुलांची चित्रं करायला घेतली आणि जवळजवळ हजार चित्रं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

घरात कामाची सुरुवात करायची तर जुन्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरची रंगीत पानं आणि साडीच्या खोक्यातला छापील कागद पुरेसा आहे. काठपदराची नक्षी असलेला कागद नावपाटीच्या कडेला विशेष खुलतो. मुलांच्या हाती कागद आणि ब्रश द्यावा, करवत मात्र मोठ्यांनी धरावी. आणि यंदाच्या नंदीची झूल तयार होईल, तेव्हा त्याच कागदाचा उरलेला पट्टा त्याच दिवशी किल्ल्यांच्या खुंटीवर लावून टाकावा. गोंद तर कालवलेला असतोच.