औषध खातंय कोण?

औषध लागू पडेनासं झालं की शेतकऱ्याचा संशय दोघांवर जातो: दुकानदारावर, नाहीतर किडीवर. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७०च्या सुमारास असाच पेच पडला. तपकिरी तुडतुड्यांसाठी खाचरात डायझिनॉन या कीटकनाशकाचे दाणे टाकत. जिथे ते पुन्हापुन्हा पडले होते, तिथे त्यांचा जोर टिकेना. कीड निर्ढावली म्हणावं, तर पाण्यात औषध शिल्लक दिसायला हवं. तेही दिसेना.

एन. सेतुनाथन आणि एम. डी. पाठक या संशोधकांनी संशय घेतला तो खुद्द पाण्यावर. औषध कधीच न पडलेल्या खाचराच्या पाण्यात डायझिनॉन तग धरून राहिलं. वारंवार पडलेल्या खाचराच्या पाण्यात मात्र तीन ते पाच दिवसांत संपलं. त्या पाण्यातून फ्लॅवोबॅक्टेरियम जातीचा एक जीवाणू हाती लागला. त्याला कार्बनसाठी डायझिनॉनखेरीज काहीच दिलं नाही, तरी तो वाढला. आपण ज्याला विष म्हणत होतो, ते त्याचं जेवण होतं!

१९७३ मध्ये सेतुनाथन आणि योशिदा यांनी या जीवाणूला डायझिनॉनहून कितीतरी जहाल असलेलं पॅराथिऑन हे कीटकनाशक दिलं. त्यानं तेही फोडलं. युक्ती साधी: रेणूतला फॉस्फरस-ऑक्सिजनचा एक बंध पाण्याच्या मदतीनं तोडायचा, की विषाचा दात पडला. हे काम करणाऱ्या विकराचा जनुक पुढे सापडला, आणि तसाच जनुक अमेरिकेतल्या एका वेगळ्या जीवाणूतही निघाला. दोन्हीकडे तो प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर होता. शेजारणीकडून विरजण आणावं तसे जीवाणू ही कडी एकमेकांकडून घेतात. माझ्या मते या कथेतली खरी थरारक गोष्ट हीच.

पण फ्लॅवोबॅक्टेरियमचं जेवण अर्धवट राही. पॅराथिऑन फुटलं की पॅरा-नायट्रोफेनॉल उरतं. अल्कधर्मी पाण्यात ते हळदीसारखं पिवळं दिसतं, आणि हा गडी त्याला शिवत नाही.

१९७३ मध्येच सेतुनाथन आणि सहकाऱ्यांनी पाणी साचलेल्या, पॅराथिऑन घातलेल्या गाळाच्या मातीतून दोन जीवाणू वेगळे केले. त्यांतला स्यूडोमोनास आधी पॅराथिऑन फोडी, मग उरलेलं पॅरा-नायट्रोफेनॉलही फोडून त्यातून नायट्राइट मोकळं करी. दुसरा, बॅसिलस, अख्ख्या पॅराथिऑनमधून काहीच काढू शकेना. पण आयतं पॅरा-नायट्रोफेनॉल पुढ्यात आलं, की त्यातलं नायट्राइट लगेच सुटं होई.