द्वीपसंगीताच्या तबकड्या

भूमध्यसमुद्रांतील इबिझा हें स्पेनचें बेट. अर्जेंटिनांतील लष्करी राजवट सोडून १९७६ सालीं आल्फ्रेदो फिओरितो तेथें आला, आणि पुढें ‘अ‍ॅम्नेशिया’ नामक, तेव्हां छत नसलेल्या नृत्यगृहांत पहाटेपर्यंत तबकड्या लावूं लागला. विद्युद्वाद्यांचें नृत्यसंगीत, जमेकाचें रेगे, स्पॅनिश गिटार, सारें एकापुढें एक! यासच ‘बेलिअरिक’ हें नांव पडलें. हा संकर प्रथमदर्शनीं अशास्त्रीय वाटतो. परंतु कोणत्या प्रहरीं काय वाजवावें हा विवेक त्यांत होता, आणि प्रहराचें महत्त्व आम्हां लोकांस कोणीं शिकवावयास नको. आल्फ्रेदो २०२४ सालीं निवर्तला.

संगीतास एक जात नाहीं, म्हणून संग्राहकास एक यादीहि नाहीं. मॅन्युएल गॉट्शिंग यानें बर्लिन येथें १९८१ सालीं एका बैठकींत वाजविलेलें ‘ई२-ई४’ घ्या (बुद्धिबळांतील चालीचें हें नांव आम्हांस फार आवडलें). तें सुमारें तासाभराचें; १९८४ मध्यें प्रसिद्ध झालें. एका बाजूस अर्धा तास भरावयाचा म्हणजे खांचा दाट होतात व आवाज मंद उमटतो. उलट त्याच्याच आधारें रचलेल्या १९८९ च्या ‘सुएन्यो लातिनो’सारखें लहान गीत बारा इंची तबकडीवर ऐसपैस बसतें, खर्ज भरदार लागतो.

पहिल्या आवृत्तीसाठीं चौपट दाम मोजणें ही आमच्या मतें निव्वळ हौस. ऐकावयाचें असेल तर चांगलें पुनर्मुद्रण पुरे. मात्र चिठ्ठीभोंवतालच्या कोऱ्या कड्यांत कोरलेले अंक पाहूनच विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. तबकड्या उभ्याच ठेवाव्या, आडव्या रचल्यास भारानें वांकतात.