मनातील सावलीची ओळख
अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची मनापासून सेवा करणाऱ्या सुनेलाही कधीतरी त्यांचा राग येतो आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. परावलंबनाची चीड सासूबाईही गिळत असतात. मनाच्या अशा नाकारलेल्या भागाला स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनी ‘छाया’ म्हटले. दडपलेला राग नाहीसा होत नाही. तो भांड्यांच्या आदळआपटीतून बाहेर पडतो. छायेत केवळ दोष नसतात. कर्तव्यापोटी मागे पडलेले गाणे, विसाव्याची इच्छाही तिथेच असते. रात्री स्वतःला विचारावे: आज राग कशाचा आला? मला काय हवे होते? राग मान्य करणे म्हणजे तो कुणावर काढणे नव्हे. ‘मी थकले आहे, आज दुपारी आईंजवळ तुम्ही बसा,’ एवढे पतीला सांगता येणे, हीच त्या सावलीशी झालेली पहिली ओळख.